एक्केचाळिसाव्या धड्यातली रिकामी तार

मंगळवार, ता. २

तीर्थरूप आत्यांस,

नमस्कार. टेलरकाकूंनाही नमस्कार, कारण हे पत्र तुमच्या कानांत पडण्याआधी त्यांच्या डोळ्यांखालून जाणार. काकू, एक विनंती आहे. मागच्या पत्रातले दोन परिच्छेद तुम्ही "यात काही विशेष नाही" म्हणून गाळलेत, असं आत्यांनी कळवलं. ब्लाउज शिवताना मधले टाके गाळता का? मग इथेही नका गाळू. सगळं वाचा.

मी ठीक आहे. खोकला गेला. वरच्या मजल्यावरच्यांनी भिंत फोडायला काढली आहे, त्यामुळे दिवसभर डोक्यात ठकठक असते, पण त्याला माझा काही इलाज नाही. तुमचे डोळे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मधलं धूसर आणि कडेचं स्पष्ट, असंच आहे ना अजून? वाढलं तर नाही ना? कळवा. कळवाच.

तुमच्या व्हायोलिनच्या धड्यांच्या पुस्तकाची खोकी एव्हाना पोचली असतील. सहा खोकी, प्रत्येकात पन्नास. छापखान्याने परस्पर तुमच्याकडे धाडली. माझी प्रत काल टेबलावर आली. कागद चांगला लागलाय. शिलाई घट्ट आहे, पुस्तक उघडं ठेवलं की मिटत नाही, म्हणजे स्टँडवर नीट राहील. तुम्हाला हवं होतं तसंच झालंय: आधी दोन ओळी सूचना, लगेच त्याखाली सुरांची ओळ, पुन्हा सूचना, पुन्हा ओळ. तुमच्या वहीत होतं तसंच. शब्द एका पानावर आणि सूर दुसऱ्या पानावर असलं काही नाही.

ऑफिसात सगळ्यांनी हाताळलं. माझ्या शेजारी गणिताच्या पुस्तकांची पानं छपाईसाठी लावणारा बसतो, आम्ही त्याला गणितवालाच म्हणतो. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यानेसुद्धा पानं उलटून पाहिली. बराच वेळ पाहत होता.

आता एक छोटीशी गोष्ट. एकवीस तारखेच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पुस्तक निघणार, तेव्हा तुमची ती नवी विद्यार्थिनी, छोटी, एक्केचाळिसावा धडा वाजवणार असं तुम्ही लिहिलं होतंत. मला वाटतं, अडतिसावा घ्यावा. अडतीस फार गोड आहे. शिवाय लहान आहे. लोक आजकाल बसत नाहीत हो आत्या, पाचव्या मिनिटाला खुर्च्या वाजायला लागतात. आणि एक्केचाळीस अवघड आहे, नऊ वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर उगाच कशाला ताण? बघा. माझं आपलं मत.

आणि खोकी एवढ्यात उघडू नका. नव्या पुस्तकांना हवा लागली की कोपरे वळतात. रविवारी उघडलीत तरी चालेल. किंवा मी एखाद्या दिवशी येऊन उघडीन.

काकूंनी आत्यांना डोळ्यांचे थेंब वेळेवर घालावेत. त्या स्वतः घालतात तेव्हा अर्धे गालावर जातात.

तुमची,
भाची

*

गुरुवार, ता. ११

तीर्थरूप आत्यांस,

नमस्कार. पत्र मिळालं. काकूंचं अक्षर सुरेख आहे, पण तुम्ही सांगत असताना त्या मध्येच स्वतःचं घुसडतात हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. "अडतिसाला काय सोनं लागलंय?" हे तुमचं. "मलाही एक्केचाळीसच आवडतं, त्यात मान डोलावता येते" हे काकूंचं. बरोबर ना?

मी ते पत्र तीनदा वाचलं. म्हणजे खोकी उघडली तर. उघडणारच होतीत तुम्ही, मी सांगितलं म्हणून तर नक्कीच. आणि छोटीने एक प्रत घरीही नेली. आणि रविवारी धडा पाठ असला तरी पुस्तक समोर ठेवूनच वाजवायचा, कारण दिवस पुस्तकाचा आहे. आणि पुढच्या रांगेत परीक्षक बसणार आहेत.

कोण परीक्षक, हे तुम्ही लिहिलं नाहीत. "आपले परीक्षक" एवढंच लिहिलंत. आपले! बावीस वर्षं झाली, अजून ते हिंडतात-फिरतात? आणि त्यांना बोलावून आणायचं म्हणजे गाडी पाठवायची, जिना चढताना हात द्यायचा, एवढी यातायात कशासाठी? तुम्ही लिहिलंय, "एक्केचाळीस वाजून झालं की मला त्यांना चारचौघांत एक गोष्ट सांगायची आहे." काय सांगायची आहे? मला आधी कळवाल का? कामाला हात लावला की तेच वाक्य आठवतं.

बरं, तुम्ही विचारलंत की हे पुस्तक नेमकं बनतं कसं, आणि अडतीस-एक्केचाळिसाचा घोळ मी का घालते आहे. पहिल्याचं उत्तर देते.

संगणकावर एक काळी खिडकी असते. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती एक उभी रेघ लुकलुकत असते. तिथे आज्ञा टाइप करायची. पुस्तकाचा सगळा मजकूर मी एका फाइलमध्ये लिहिलेला असतो, तुमच्या सूचनांसकट, "कोपर पोटाला चिकटवू नका"सकट. जिथे सुरांची ओळ हवी तिथे मी खुणा करून सूरही अक्षरांनीच लिहिते. डी, ए, जी, पुढे किती मात्रा त्याचा आकडा. मग आज्ञा दिली की प्रोग्रॅम ती फाइल वरून खाली चाळतो, सुरांचा एकेक तुकडा उचलून नेतो, त्याच्या पाच रेघा आणि ठिपके कोरतो आणि जिथून उचलला तिथेच आणून बसवतो. मजकुराची ओळ आणि सुरांची ओळ एका समासात, एका रुंदीत. साठ धड्यांचे दोनशे अकरा तुकडे होते. एखादा तुकडा बदलला तर तेवढाच पुन्हा कोरतो, बाकीच्यांना हात लावत नाही. शहाणा आहे.

तोच प्रोग्रॅम धडे वाजवूनही दाखवतो. ते पिपाणीसारखं ऐकू यायचं, आठवतं? एकेक धडा मी तुम्हाला ऐकायला पाठवत होते आणि तुम्ही कळवत होता, "बत्तिसाव्यात दुसरी मात्रा खाल्लीस." डोळ्यांना दिसत नसताना तुम्ही अख्खं पुस्तक कानांनी तपासलंत. साठच्या साठ पास केलेत. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होते की मुद्रितशोधक असावा तर असा.

आता दुसरं. एक्केचाळिसाव्यात छपाईची जरा गडबड झाली आहे. किरकोळ. प्रोग्रॅम कधी कधी असं करतो, एखाद्या तुकड्यात त्याचा गोंधळ होतो आणि पुढचे सूर जागेवरून हलतात. यंत्रच ते. मी एक दुरुस्तीची पट्टी छापून घेईन, तुम्ही ती सावकाश कधीतरी चिकटवा, किंवा नका चिकटवू, तसंही सगळे तुमच्याकडून ऐकूनच शिकतात. रविवारी मात्र अडतीस घ्या. एवढं ऐका माझं.

काकू, हा शेवटचा परिच्छेद जरा हळू वाचा. आणि आत्यांचा चेहरा कसा होतो ते मला लिहा. त्यांना न सांगता.

तुमची,
भाची

*

गुरुवार, ता. १८

आत्या,

हे पत्र काकूंनी वाचायचं नाही. म्हणून तर त्याचा एवढा गठ्ठा झालाय. एकेक अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं लावलंय, एका ओळीत चार शब्द मावतात. मुलांच्या पहिल्या पुस्तकातही एवढं मोठं कोणी लावत नाही. कागद समोर धरू नकोस, मधलं तुला दिसणार नाही. डाव्या बाजूला धर, खिडकीच्या उजेडात, आणि डोळ्याच्या कडेने वाच. एक-एक पान घे. दमलीस तर थांब. पण तूच वाच.

लहानपणी मी तुला तू म्हणायचे. मग एक दिवस तुम्ही म्हणायला लागले आणि बाबांना वाटलं, पोरीला वळण लागलं. वळण कसलं! राग होता तो. हे पत्र तुम्ही-आम्ही करत लिहिता येत नाहीये, म्हणून तू.

तुझं उत्तर काल आलं. छोटी रडत घरी गेली, हे तू एका वाक्यात सांगून पुढे हॉलच्या खुर्च्यांवर गेलीस. माझं मागचं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी ती पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, यातले खालचे सूर माझ्या व्हायोलिनमध्ये नाहीतच." आणि तू म्हणालीस, "पुस्तक चुकत नसतं. माझ्या भाचीने डोळ्यांत तेल घालून लावलंय. तुझे डोळे चुकतात." काकूंनी खाली स्वतःचं जोडलंय की पोरगी दोन दिवस फिरकलेली नाही, आणि तिची आई म्हणते, रविवारी वाजवायचं नाही असं धरून बसली आहे.

ते वाचलं आणि माझं धाबं दणाणलं. मागच्या पत्रात मी मोठ्या तोंडाने तुझे कान कसे तीक्ष्ण ते लिहिलं, आणि तिकडे तू माझ्या भरवशावर त्या पोरीला खोटं पाडत होतीस.

छोटीचे डोळे बरोबर आहेत. पुस्तक चुकलंय. प्रोग्रॅमने काही केलेलं नाही. मी केलंय.

आता नीट सांगते, सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

एक्केचाळिसाव्यात तिसऱ्या ओळीला जी आहे, मग ए, मग वरचा डी. हे तुला मी सांगायला नको. जी वाजतो डीच्या तारेवर तिसऱ्या बोटाने आणि वरचा डी शेजारच्या एच्या तारेवर, त्याच तिसऱ्या बोटाने. एकच बोट एका तारेवरून उचलून दुसरीवर टाकायचं, मध्ये वेळच नाही. माझे हात एवढेसे होते की तू मला चिमूट म्हणायचीस, आणि त्या चिमटीला ती उडी कधी जमली नाही. दर वेळी बोट दोन तारांच्या मध्ये पडायचं आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं व्हायचं. मग तू जीची एक मात्रा कापलीस आणि तिथे रिकाम्या तारेचा ए घातलास. रिकामी तार वाजत असताना बोटं हवेत. तेवढ्या एका मात्रेत माझा हात निवांत पलीकडे जायचा. मूळ चालीत तो सूर नाही. तो तू माझ्यासाठी घातलास.

आणि मग ती परीक्षा. मी चौदा वर्षांची. तू पियानोवर साथीला. मी त्या जागी आले, ए वाजवला, इतका स्वच्छ वाजला की मलाच हसू आलं. परीक्षकांनी पेन्सिल वर केली. थांबवलं. "हा सूर कुठून आला?" मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तू आता सांगशील. तू पियानोच्या पट्ट्यांकडे बघत म्हणालीस, "मुलीकडून चुकून गेला."

चुकून गेला. सहा महिने रोज वाजवलेला सूर!

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे मी वाजवलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. घरी आल्यावर व्हायोलिनची पेटी माळ्यावर टाकली. तू दोनदा विचारायला आलीस, तिसऱ्यांदा आली नाहीस. मला वाटत राहिलं की तिसऱ्यांदा येशील. आलीस असतीस तरी मी बोलले नसते म्हणा, तेवढी हट्टी मी आहेच. पण आली नाहीस याचाही राग धरला. रागाला काय, काहीही पुरतं.

मग मागच्या वर्षी तुझी वही आली, धडे लावून देशील का म्हणून. मी हो म्हटलं. कामच आहे माझं ते, त्यात भावनेचं काय, असं सगळ्यांना सांगत फिरले. चाळीस धडे लावले. एक्केचाळिसावं पान उघडलं तर तो ए तिथे. पक्क्या शाईत. त्यावर ना खूण, ना टीप. जणू मूळचाच आहे.

माझा हात थांबला, आत्या. पण लावला. तुला ऐकवला, तू पास केलास. सगळं पुस्तक तयार झालं. छापखान्याला पाठवायच्या दिवशी दुपारी गणितवाला जेवायला गेला होता, मी काळी खिडकी उघडी ठेवून बसले होते, आणि मनात आलं: चूक ना ती? तूच म्हणालीस ना चारचौघांत, मुलीची चूक आहे म्हणून? मग पुस्तकात कशाला मिरवायची? मी एक अक्षर पुसलं. ए गेला, जीला त्याची मात्रा परत दिली. मात्रांचा हिशेब बरोबर बसला म्हणून प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही. तेवढा एक तुकडा पुन्हा कोरला आणि जागेवर बसवला. मी पाहिलं नाही. ऐकलं तर नाहीच. तशीच पाठवून दिली फाइल. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी बाजारातून येताना मी गुणगुणत होते.

आता पुढे काय झालं ते. मी सूर लिहिते तेव्हा कोणता डी, वरचा की खालचा, हे दर वेळी सांगत बसत नाही. प्रोग्रॅम आधीच्या सुरापासून जो जवळ असेल तो धरतो. जीवरून ए जवळ, एवरून वरचा डी जवळ, म्हणून बरोबर जात होतं. मधला ए मी काढला. जीवरून वरच्या डीपेक्षा खालचा डी जवळ पडतो. त्याने तो धरला. आणि त्याच्या पुढचा सूर त्याच्या जवळचा, त्याच्या पुढचा त्याच्या जवळचा, असा तिथून शेवटपर्यंत अख्खा धडा एक सप्तक खाली उतरला. जिन्याची एक पायरी काढून घेतली आणि मागून येणारे सगळे खालच्या मजल्यावर. शेवटचा सूर तर सगळ्यात जाड तारेच्याही खूप खाली गेलाय. तो व्हायोलिनमध्ये नाहीच. छोटी म्हणाली तेच.

गणितवाल्याने हेच पाहिलं होतं त्या दिवशी. मला म्हणाला, "बाकीच्या पानांवर ठिपके रेघांवर आहेत, या पानावर रेघांखाली लोंबकळतायत. असंच असतं का?" मी म्हटलं, असंच असतं. माझे कान तापले होते. मग मी तुला लिहिलं की अडतीस गोड आहे.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. दाराची बेल वाजली तरी वाटतं, तुझ्याकडून कोणीतरी आलं. आणि खरं सांगू, छोटीबद्दल वाचलं नसतं तर मी बहुधा अजूनही पट्टी, हवा, कोपरे असलं काहीतरी लिहीत बसले असते. मला वाटायचं, मी तुझा सूर काढतेय. तो तर एव्हाना त्या पोरीचा झालाय. तिचेही हात एवढेसेच असणार, नाहीतर तू तिला एक्केचाळीस दिला नसतास.

या वाक्याखाली मी तिसरी ओळ छापली आहे. पाच रेघा पानभर, बोटाएवढ्या जाड. जी, ए, डी. ए परत आणून बसवलाय, आणि पुढचे सगळे सूर आपापल्या मजल्यावर गेले. या वेळी नुसतं पाहिलं नाही, ऐकलंही. पिपाणीसारखंच वाजतंय, पण बरोबर वाजतंय. बोट फिरवून बघ, शाई जरा उठून आली आहे.

आता काय काय करायचं ते सांगते.

पहिलं, आज. रविवारपर्यंत थांबू नकोस, उद्यावर टाकू नकोस. छोटीच्या घरी जा. काकूंचा हात धरून जा, पण बोलायचं तू. तिला सांग की तिचे डोळे बरोबर होते आणि पुस्तक चुकलं होतं. "माझ्याकडून ओरडण्यात चूक झाली" असंही म्हण. जड जाईल. तुला असलं बोलायची सवय नाही, मला माहीत आहे. तरी म्हण. नऊ वर्षांचं माणूस आहे ते, आणि बावीस वर्षं हा काळ फार मोठा असतो.

दुसरं, शनिवारी दुपारी मी येते. तीनशे पट्ट्या छापून ठेवल्या आहेत, पूर्ण धड्याच्या, जुन्या पानावर बरोबर बसतील अशा. काकूंना म्हणावं मोठी कात्री काढून ठेवा, त्यांच्याइतकं सरळ कोणी कापत नाही. त्या कापतील, मी चिकटवीन, तू मोजत बस. उगाच मध्ये हात घालू नकोस, गोंद सगळीकडे होतो.

तिसरं रविवारचं. तुला परीक्षकांना काय सांगायचं आहे, ते तू मला कळवलं नाहीस. तुझ्या उत्तरात त्याबद्दल अक्षर नाही. पण पुस्तकात तो ए, त्या ओळीसाठी निवडलेली एवढ्याशा हातांची पोरगी, आणि पुढच्या रांगेत ते. मला एवढं तरी कळतं, आत्या. मी मात्र जे तुला सांगायचं होतं तेच पुसून टाकलं. तू दोन वर्षं वही लिहीत होतीस आणि मी एका दुपारी एक अक्षर खोडलं. पोरगी वाजवायला उभी राहिली असती, परीक्षकांनी पुन्हा पेन्सिल वर केली असती, आणि ती तुझ्याकडे बघत राहिली असती. तू पुन्हा काय म्हणाली असतीस, याचा विचार मी आठवडाभर करते आहे. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे. माझ्यावर नव्हता. मी तर हॉलमध्ये येणारच नव्हते, ताप आल्याचं कळवायचं ठरवलं होतं.

आता येणार. आणि छोटी वाजवायच्या आधी मी उठून उभी राहणार आहे. जास्त काही नाही, एकच वाक्य: पुस्तकात चूक झाली होती, ती या मुलीची नाही, माझी आहे. तेवढं एक वाक्य मला ऐकायला हवं होतं तेव्हा, म्हणून मला ते पाठ आहे.

मग छोटी वाजवेल. ए वाजेल, तिचा हात पलीकडे जाईल. मग तू बोल. आधी मी, मग ती, मग तू. इतकी वर्षं मी थांबले, तू दोन मिनिटं थांबशील ना?

आणि शनिवारी माझी पेटी बरोबर आणते आहे. माळ्यावरून काढली. तारा गेल्या आहेत, पण ए तेवढा शाबूत आहे.

थेंब घाल.

तुझी
चिमूट